ऊन दाखवलेली फुलं

कारखान्यात माझ्या पाठीमागे मला ‘कडूबाई’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या असायच्या आणि माझे कान चांगले होते. नावात खोट काढायला तशी जागाही नव्हती. एक तर माझी जीभ तिखट. दुसरं म्हणजे तीस वर्षं मला पगार मिळाला तो कडूपणा मोजण्याचाच. सातारा जिल्ह्यात हायवेच्या कडेला असलेल्या एका बिअरच्या कारखान्यात मी केमिस्ट होते. बिअर ठरल्याएवढी कडू झाली की नाही ते बघायचं, आणि नसेल झाली तर कोणाला तरी झापायचं, ही माझी नोकरी.

कराडजवळ मलकापुरात घर घेतलं तेव्हा पहिल्याच हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींनी विचारलं, “म्हंजे मॅडम, तुमी पिता?”

“पीत नाही. चाखते.”

“आन मग?”

“मग वहीत लिहिते.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. एकीनं तर वाण देताना पिशवी लांबूनच धरली. आता त्याच मुलांना रसायनशास्त्राच्या शिकवणीला माझ्याकडे पाठवतात, म्हणून माझाही राग गेला. या दिवाळी अंकाच्या संपादकांना वाटत असेल की मी असलेच किस्से लिहीन. लिहिते की. पण त्यात एक किस्सा हसण्यासारखा नाही, आणि खरं सांगायचं तर तोच सांगायला मी बसले आहे.

आधी हॉप्स म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. हॉप ही थंड मुलखातली वेल. आपल्या द्राक्षाच्या मांडवाच्या दुप्पट-तिप्पट उंच तारांवर ती चढवतात. तिला हिरवी, कागदी पाकळ्यांची फुलं येतात, अंगठ्याच्या पेराएवढी. पाकळी उलगडली की बुडाशी पिवळी पूड असते, बोटाला चिकटणारी. सगळी करामत त्या पुडीची. बिअरचा कडूपणा तिच्यातून येतो, वास तिच्यातून येतो, आणि बिअर लवकर नासत नाही तीही तिच्यामुळेच. दारू मात्र त्या फुलात औषधालासुद्धा नसते. दारू होते सातूपासून, यीस्टच्या करणीनं. हॉप्सचं काम आमटीतल्या कढीपत्त्याचं. त्यानं पोट भरत नाही, पण नसला की जेवणाऱ्याला कळतं.

हे फूल तीन रूपांत मिळतं. सांगलीच्या माणसाला मी ते हळदीवरून समजावते. एक अख्खं फूल, म्हणजे आपलं हळकुंड. दुसरी गोळी, म्हणजे फुलं दळून, दाबून केलेल्या हिरव्या कांड्या. आणि तिसरा अर्क, डब्यातला, काकवीइतका दाट. अख्ख्या फुलाचा वास सगळ्यात मोकळा, पण ते जागा खातं, पातेल्यातली बिअर पिऊन फुगतं आणि हवा लागली की लवकर म्हातारं होतं. गोळी कमी जागेत मावते, पाकीटबंद असली तर टिकते आणि गुण पुरेपूर देते. फक्त तळाशी हिरवा गाळ करते. अर्कानं कडूपणा अगदी मापात येतो, गाळाची भानगड नाही, पण वासाच्या नावानं बोंब. आमच्या कारखान्यात कडूपणासाठी अर्क आणि वासासाठी गोळी वापरायचे. अख्खी फुलं वर्षातून एकदाच लागायची, थंडीत निघणाऱ्या एका खास बिअरला. आमच्या मोठ्या साहेबांचा तो हट्टच होता.

निवृत्त झाल्यापासून मला फोन येतात ते याचसाठी. आपल्याकडे घरात बिअर करायला कायदा आडवा येतो, त्यामुळे इथल्या कोणी विचारलं तर मी आधी परवाना दाखव म्हणते. पण परदेशात गेलेली आपली मुलं तिकडे रीतसर, घराच्या गॅरेजमध्ये वीस-वीस लिटर बिअर करतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “मॅडम, फूल घेऊ, गोळी घेऊ का अर्क?” मी विचारते, “तुझं पातेलं केवढं, फ्रीजमध्ये जागा किती, आणि तुला गाळत बसायचा कंटाळा आहे का?” एवढं कळलं की झालं. पातेलं लहान असेल तर फूल नको, निम्मी बिअर तेच पिऊन टाकतं. फ्रीज नसेल तर फुलाचं नावसुद्धा काढू नको. नवशिक्याला मी डोळे झाकून गोळी सांगते.

न ऐकणारेही असतात. खंडाळ्याजवळ एकानं परवाना काढून हॉटेलातच लहानशी ब्रुअरी टाकली. माणूस हौशी. मी गोळी सांगितली, तर म्हणे, “मॅडम, गिऱ्हाइकाला काचेतून फुलं दिसली पाहिजेत.” घातली फुलं. दुसऱ्या दिवशी फोन, “मॅडम, नळातून थेंब येईना.” मी जाऊन बघते तर फुलांनी नळाच्या तोंडाशी बूच मारलेलं. बाहेरच्या टेबलांवर माणसं रिकामे ग्लास घेऊन बसलेली आणि हा आत कोपरापर्यंत हात घालून फुलं उपसतोय. मी म्हटलं, “दाखवा आता गिऱ्हाइकाला फुलं!” पण बिअर त्यानं सुरेख केली होती, हेही सांगितलं पाहिजे.

गोळीचाही एक किस्सा आहे. आमच्या गेटवर म्हसवडकडचा एक वॉचमन होता. पिढीजात मेंढरं राखलेलं घर, गावाकडं अजून पंचवीस-तीस शेरडं. गोदामात एकदा गोळ्यांचं पाकीट फाटून सांडलं, ते झाडून टाकायचं होतं. यानं ओंजळभर रुमालात बांधून नेल्या. त्याला वाटलं, कंपनीनं भारीतली गोळीपेंड मागवली आहे. सोमवारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला.

“मॅडम, त्या पेंडीत काय गडबड हाय का वो?”

“कसली पेंड?”

“हिरवी. शेरडू तोंड लावंना. एकीनं खाल्ली, आन माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं की इचारू नका.”

मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिले. मग मला धडकी भरली, की शेळीला काही झालं तर? नाही झालं. पण तेव्हापासून तो वॉचमन कारखान्यातला चहासुद्धा आधी हुंगून प्यायचा.

आता अण्णांचं सांगते.

एका वर्षी ऐन उन्हाळ्यात आमच्या कारखान्यातलं शीतगृह बंद पडलं. हॉप्सना थंडी नसली की त्यांचा वास उडतो आणि कडूपणा मरतो. सुटा भाग यायला तीन आठवडे लागणार होते. मोठे साहेब डोक्याला हात लावून बसले. मी मूळची सांगलीची. मला आठवलं, आपल्याकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं आहेत. मी फोनावर फोन केले. सगळी बेदाण्यानं भरलेली. एकाच ठिकाणी एक लहान खोली रिकामी होती, ती अण्णांकडे.

अण्णा म्हणजे सांगलीजवळचे जैन शेतकरी आणि बेदाण्याचे व्यापारी. तेव्हा पन्नाशीचे असतील. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, आवाज कधी चढलेला नाही. सूर्यास्ताच्या आत जेवण, उकळून गाळलेलं पाणी. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, “खोली देतो. पर आमच्या स्टोरेजात तीन गोष्टी ठेवत न्हाई. मांस, अंडी आन दारू. तुमचा माल कशाचा हाय?”

“फुलं आहेत,” मी म्हटलं.

“कसली?”

“एका वेलीची. औषधी आहेत. पेयाला कडूपणा आणि वास यायला घालतात.”

“म्हंजे आमच्या काढ्यागत.”

मी मान डोलावली. झालं एवढंच. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. माझी तर साधी रिक्षा होती, ती तशीच स्टँडवर परत गेली. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. फूल औषधी असतंच, पेयात घालतातच. कंपनीच्या नावातही बिअरचा उल्लेख नव्हता, ‘फूड्स’ होतं. माल मुंबईच्या आयातदाराच्या गाडीतून आला. अण्णांनी माझ्या शब्दावर खोली उघडून दिली. मला वाटलं, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.

तीन आठवड्यांची बारा वर्षं झाली. आमचं शीतगृह दुरुस्त झालं तरी ते पुरेना, आणि अण्णांसारखी निगा कोणी राखेना. दर वर्षी माल यायचा, दर वर्षी मी सांगलीला जायची. घरी त्यांच्या पत्नी पद्माकाकू मला पाटावर बसवून जेवायला वाढायच्या आणि अण्णा लोकांना सांगायचे, “ह्या औषधाच्या कारखान्यातल्या मॅडम.” मी ताटात बघत जेवायची. दर वर्षी ठरवायची, की या वर्षी सांगून टाकू. दर वर्षी काकूंची आमटी आडवी यायची.

दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. अख्ख्या फुलांची मोठी गाठोडी आली होती. आठवड्यानं अण्णांचा फोन. आवाजात आनंद. “मॅडम, काय काळजी करू नका. गाठोड्यास्नी बाहेरनं ओल आल्याली. पद्मानं समदी फुलं गच्चीवर पसरली, दोन दिवस खडखडीत ऊन दाखवलं. वर लिंबाचा पाला घातलाय. आता वर्सभर किडा लागायचा न्हाई.”

ऊन दाखवणं! आपल्याकडे वैशाखात बायका घरातलं सगळं उन्हाला घालतात, डाळी, तांदूळ, हळद, चिंच, गोधड्या. ज्याच्यावर जीव, त्याला ऊन. काकूंनी माझ्या फुलांवर तेवढाच जीव लावला होता. पण हॉप्सना ऊन म्हणजे मरण. मी तडक सांगली गाठली. गच्चीच्या जिन्यातच वास आला, शिळ्या चीजचा, घामेजल्या मोज्यांचा. पन्नास-साठ किलो माल मातीमोल. त्या वर्षीची खास बिअर निघणार नव्हती.

मी अण्णांवर ओरडले. वयाचा मान ठेवला नाही, त्यांच्या कामगारांसमोर ओरडले. “बेदाणा सावलीत वाळवता ना तुम्ही? उन्हानं रंग जातो म्हणून? मग एवढं कळू नये?”

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. शांतपणे म्हणाले, “बेदाणा आमास्नी ठावं हाय, मॅडम. ही फुलं कशाची, कशाला, ते तुमी कवा सांगितलंच न्हाई.”

खरंच होतं. पूर्ण सांगितलं असतं तर नीट समजावलंही असतं. अर्धवट सांगितलं तर त्यांनी आपल्या हळदीच्या शहाणपणानं उरलेलं पूर्ण केलं. चूक माझी आणि टोपी त्यांच्या हातात. तीच वेळ होती सांगायची. मी काय केलं? “थंड, कोरडं आणि अंधारात ठेवायचं असतं” एवढं सांगून चहा न पिता निघाले.

खाली ट्रकपाशी अण्णांचा मुलगा सन्मती उभा होता. अन्नतंत्रज्ञान शिकत होता कॉलेजात. म्हणाला, “मॅडम, उन्हानं नेमकं बिघडलं काय?” मघाशी आरडाओरडा ऐकूनही तो रागावला नव्हता, त्याला फक्त कळून घ्यायचं होतं. मग मी पर्समधून नमुन्याचं चांगलं फूल काढलं, त्याच्या तळहातावर ठेवलं, चुरडायला लावलं आणि वास घे म्हटलं. त्यानं डोळेच मिटले. संत्र्याची साल, ओलं गवत, थोडी मिरी, असं काहीबाही सांगत सुटला. त्या दिवशी त्याला फुलाचं नाव, गाव, काम सगळं सांगितलं. त्याच्यापासून लपवून उपयोगही नव्हता, पुस्तकात होतं ते. एवढंच म्हटलं, “अण्णांना मी सांगेन.” तो बरं म्हणाला.

पुढे तो नोकरीसाठी न्यूझीलंडला गेला, दुधाच्या कारखान्यात. लग्न झालं, घर झालं. मीही निवृत्त झाले, कारखान्याचा माल दुसरीकडे जायला लागला आणि अण्णांशी नातं उरलं ते संक्रांतीच्या तिळगुळाचं आणि बेदाण्याच्या पाकिटाचं. मग एक दिवस सन्मतीचा व्हिडिओ कॉल. गॅरेजमध्ये पातेलं मांडून उभा.

“मॅडम, फूल घेऊ, गोळी का अर्क?”

“गोळी घे. पहिल्यांदा करतोयस.”

“गोळी चुरडून तसा वास येत नाही, मॅडम.”

“मग विचारतोस कशाला?” मी म्हटलं. आम्ही दोघं हसलो. त्यानं फुलंच घेतली. पाच लिटर बिअर फुलांनी पिऊन टाकली, तरी त्याला पर्वा नव्हती. मला बरं वाटलं, अगदी खरं सांगते. तीस वर्षांत मी कितीजणांना झापलं, पण फुलाचा नाद एकालाच लावला होता.

हे बरं वाटणं फार टिकलं नाही. यंदा पद्माकाकूंचा फोन आला. सन्मतीला मुलगी झाली होती, चार महिन्यांची. तिला बघायला दोघांची तिकिटं काढलेली. आणि जायला पंधरा दिवस उरलेले असताना अण्णा जात नाही म्हणून बसले. सन्मतीनं स्वतः फोन करून सांगितलं होतं, “अण्णा, तुम्ही इथं येण्याआधी सांगतो, मी घरात बिअर करतो. येऊन कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.” अण्णांनी त्याला फोनवरच खूप सुनावलं, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या घरचं पाणी पिणार नाही म्हणाले. काकू एकट्या जाणार कशा? आयुष्यात मुंबईच्या पलीकडे गेलेल्या नाहीत.

“मॅडम, तुमचं ऐकत्याल ते,” काकू रडत म्हणाल्या. “तुमी शिकल्याल्या, औषधाच्या कारखान्यातल्या. तुमी सांगून बघा की. मला नातीचं तोंड तरी बघू द्या.”

मी फोन ठेवला. मग सन्मतीला फोन लावला. “अण्णा एवढं बोलले, तेव्हा तू सांगायचंस ना, की तुमच्याच स्टोरेजात बारा वर्षं हॉप्स होते म्हणून?”

तो म्हणाला, “तुमचं नाव आलं असतं, मॅडम. तुम्ही सांगणार होतात ना.”

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

खंडाळ्याच्या त्या हॉटेलवाल्याकडून मी पावशेर अख्खी फुलं मागून घेतली. ताजी, पाकीटबंद. का घेतली, सांगता येत नाही. मोकळ्या हातांनी जायची हिंमत नव्हती एवढं खरं. कराडहून एसटीनं सांगलीला पोचले तेव्हा दिवस उतरणीला लागला होता. काकूंनी अण्णांचं ताट वाढून आणलं होतं. मी म्हटलं, “आधी जेवून घ्या.” अण्णा म्हणाले, “मॅडम एवढ्या लांबनं आल्यात. आधी बोला.”

मी पाकीट कापून फुलं त्यांच्या समोर परातीत ओतली.

वास खोलीभर झाला. अण्णांनी एक फूल उचललं, चष्मा कपाळावर नेऊन जवळून बघितलं. चेहरा खुलला. “ही तर आपली फुलं!”

“हो. आपलीच.” आणि मग मी सांगितलं. “अण्णा, ही बिअरमध्ये घालतात. मी औषधाच्या नाही, बिअरच्या कारखान्यात होते. फुलात दारू नसते, हे खरं. पण तुम्ही कशासाठी विचारत होता ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि मी ते मुद्दाम सांगितलं नाही. सन्मतीला या फुलाचा नाद मीच लावला. तुमच्याच अंगणात.”

काकू दारातच थांबल्या. अण्णा फूल हातात धरून तसेच. ताटातली भाकरी निवत होती. बाहेर ऊन भिंतीवरून वर सरकत चाललं होतं, मला ते दिसत होतं, पण ‘जेवा’ म्हणायला जीभ उचलेना.

“बारा वर्सं?” ते म्हणाले.

“बारा.”

“तुमच्या शब्दावर दार उघडलंतं मी, मॅडम.”

“हो, अण्णा.”

“लोकांस्नी सांगत हिंडलो, औषधाच्या मॅडम म्हणून.”

कारखान्यात कोणी चूक केली की मी खुलासा मागायची, लेखी. माझ्याकडे माझा खुलासा नव्हता. भीती वाटली म्हणून नाही सांगितलं, एवढाच होता, आणि तो सांगून त्यांचं काय भलं होणार होतं?

अण्णांनी हातातलं फूल परातीत ठेवलं आणि विचारलं, “सन्मतीला ठावं होतं?”

“कॉलेजात असल्यापासून. मी सांगीन म्हटलं होतं, म्हणून तो बोलला नाही. तुम्ही त्याला एवढं बोललात, तरी त्यानं माझं नाव काढलं नाही.”

अण्णांनी मान वर केली. डोळे भरलेले होते. काकूंकडे बघून म्हणाले, “ऐकलंस का? शास्त्रात उपगूहन म्हणत्यात ते हेच.” मग मला समजेल असं सांगितलं, “दुसऱ्याचा दोष झाकायचा, मॅडम. आपला झाकायचा न्हाई, दुसऱ्याचा. पोरानं आपलं होतं ते सवताच्या तोंडानं सांगितलं, आन तुमचं झाकलं. तुमी बारा वर्सं आपलंच झाकलं. आन मी बोलायचं बंद केलं कुनाशी, तर त्याच्याशी.”

त्यांनी हे ओरडून म्हटलं नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात भिंतीवरचं ऊन गेलं. दिवस मावळला. काकूंनी ताट उचललं. त्या दिवशी अण्णा माझ्यामुळे उपाशी राहिले. निघताना मी हात जोडले. त्यांनीही जोडले, पण नेहमीसारखं ‘परत या’ म्हणाले नाहीत. फाटकापर्यंत काकू आल्या. माझा हात हातात घेऊन दाबला आणि आत गेल्या. परातीतली फुलं मी तिथेच विसरले.

दोघं न्यूझीलंडला गेली, हे मला सन्मतीकडून कळलं. त्याची बिअर सुटलेली नाही. अण्णांनी सोड म्हटलं नाही आणि गॅरेजमध्ये पायही ठेवला नाही. नात त्यांच्या टोपीशी खेळते म्हणे. संक्रांत आली, गेली. बेदाण्याचं पाकीट सोडाच, तिकडून अण्णांचा तिळगुळाचा फोनसुद्धा आला नाही. मी वाट बघत होते, असं लिहायला मला कमीपणा वाटत नाही. खोट्याची किंमत असते, ती माझी मलाच भरायला हवी होती.

परवा सकाळी सन्मतीचा फोन आला. “मॅडम, एक विचारायचंय. अण्णांना हॉप्सचं साधं पाणी करून द्यायचंय. यीस्ट नाही, साखर नाही, काही नाही. नुसतं उकळलेलं पाणी आणि हॉप्स. फूल घेऊ, गोळी का अर्क?”

“फूल,” मी लगेच म्हटलं. “दुसरं काही त्यांना चालायचं नाही. गोळीत काय दळलंय ते कोणाला दिसतं? फूल पाकळी न पाकळी उघडून निवडता येतं.”

“ते निवडतातच आहेत. सकाळपासून परात घेऊन बसलेत, एकेक फूल चष्म्याशी धरून. किडा-मुंगी नाही ना ते बघतायत.” मग म्हणाला, “त्यांनीच विचारायला सांगितलंय. उकळत्या पाण्यात घालायची, का निवल्यावर?”

मी म्हटलं, “आच बंद करायची. पाणी जरा निवू द्यायचं, मग फुलं घालायची, पाच मिनिटांनी गाळायचं. उकळत्यात घातली तर फार कडू होईल. आणि त्यांना सांग…”

मला पुढे काय सांगायचं होतं कोण जाणे. कारण तेवढ्यात फोनमधून, जरा लांबून, न चढलेला तो आवाज आला. “मॅडमला इचार रं, ह्या खेपेला समदं सांगितलंय न्हवं?”

“समदं सांगितलंय, अण्णा,” मी फोनवर ओरडले. “समदं!”